मर्सिडीजचं मागचं मॉडेल आणि माझे ४४ मिक्सर



मागच्या रविवारी चॅनेलवर मर्सिडीज ई-क्लासच्या जुन्या-नव्या पिढ्यांची तुलना टाकली आणि खाली कमेंटमध्ये माझी चांगलीच हजेरी घेतली गेली. "सर, आम्हाला पापड-मसाल्याचा धंदा काढायचाय, तुम्ही मर्सिडीज कसली दाखवताय?" आणखी एक जण म्हणाले, "दादा, घेतली वाटतं गाडी. पेढे कधी?" नाही हो. माझी अजून ॲक्टिव्हाच आहे आणि तिचंही सर्व्हिसिंग दोन महिने लांबलंय.

पण त्याच व्हिडिओखाली मोशीच्या एका मुलाची कमेंट होती. हा लेख तिच्यामुळे लिहितोय. तो भोसरीत नोकरी करतो, व्हीएमसी मशीनवर. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका व्हेंडरकडून त्याला आता स्वतःचं जॉबवर्क मिळतंय. बँकेने मशीनसाठी लोन मंजूर केलंय. मार्जिनच्या पैशासाठी वडील गावाकडची अर्धा एकर विकायला तयार झालेत. त्याने विचारलं, "दादा, काम पक्कं आहे. व्हेंडर म्हणतो तू मशीन टाक, तीन शिफ्ट चालेल एवढं काम देतो. टाकू का?"

मी मिक्सर-कुकर विकणारा माणूस. चिंचवडला माझं घरगुती उपकरणांचं दुकान आहे. व्हीएमसीतलं मला काडीचंही कळत नाही. पण "एवढं काम येणारच आहे" असं गृहीत धरून आधी पैसे ओतले की काय होतं, ते मला चांगलं माहीत आहे. आणि ही चूक फक्त माझ्यासारख्या दुकानदारानेच केलीय असं नाही. आपल्या पिंपरीत जगातल्या एका बड्या कंपनीनेही ती केली होती. म्हणून मर्सिडीज.

गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. १९९१ नंतर बाजार उघडला आणि परदेशी कंपन्या रांगेने यायला लागल्या. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली. भागीदार होती टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स. दोघांची ओळख काही नवी नव्हती, १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक बनायचे. १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात ई-क्लासची जुळणी सुरू झाली.

आता गाडी कोणती आणली ते बघा. डब्ल्यू १२४. हा कंपनीचा आतला नंबर, गाड्यांचे शौकीन याच नंबरांनी बोलतात म्हणून मीही तोच वापरतो. ही पिढी युरोपात १९८४ च्या शेवटी आलेली. आणि १९९५ मध्येच, म्हणजे पिंपरीत पहिल्या गाड्या तयार होत होत्या त्याच वर्षी, तिकडे तिची पुढची पिढी बाजारात आली: डब्ल्यू २१०. जुनीचे दिवे चौकोनी, नवीला पुढे चार गोल दिवे. म्हणजे कुठली गाडी जुनी हे कळायला बॉनेट उघडायची गरजच नव्हती. रस्त्याच्या पलीकडून दिसत होतं.

कंपनीचा हिशेब काय असेल, याचा मी दुकानदार म्हणून अंदाज करतो. जुन्या मॉडेलचं सगळं बसलेलं असतं. दोष निघून गेलेले असतात, मेकॅनिकचा हात बसलेला असतो, सुटे भाग मुबलक असतात. शिवाय इथे रस्त्यावर काय होतं? ॲम्बॅसिडर, पद्मिनी आणि मारुती ८००. अशा बाजारात दहा वर्षांपूर्वीची मर्सिडीज म्हणजे विमानच की! वरवर बघितलं तर हिशेबात काहीच चूक नाही.

चूक होती ती ग्राहक कोणाशी तुलना करतो, यात. ज्याला मर्सिडीज परवडते तो तिची तुलना ॲम्बॅसिडरशी करतच नाही. त्याचा भाऊ लंडनला असतो, तो स्वतः वर्षातून दोनदा दुबईला जातो, नवीन गाडी त्याने तिथे डोळ्याने पाहिलेली असते. एवढे पैसे मोजून घरी आणलेली गाडी बघून मेहुणा जर म्हणाला, "अच्छा, मागचं मॉडेल का?" तर त्या माणसाचे सगळे पैसे तिथेच पाण्यात गेले.

विक्री कारखान्याच्या क्षमतेच्या जवळपासही गेली नाही. उत्पादन आवरतं घ्यावं लागलं आणि दोन-तीन वर्षांतच चार गोल दिव्यांची गाडी इथे आणावी लागली.

गंमत म्हणजे गाडी वाईट नव्हती. जुन्या गाड्यांच्या कुठल्याही शौकिनाला विचारा, डब्ल्यू १२४ चं नाव काढलं की त्याचा चेहरा खुलतो. मर्सिडीजने बनवलेल्या सगळ्यात टिकाऊ गाड्यांमध्ये तिची गणना होते. माल उत्तम होता. तो ज्याच्यासमोर ठेवला आणि जेव्हा ठेवला, तिथे गणित बिघडलं.

आता माझे मिक्सर.

२०१८ चा सप्टेंबर. दिवाळी तोंडावर. डिस्ट्रिब्युटरचा माणूस स्कीम घेऊन आला: ४० मिक्सर घ्या, ४ फुकट. २,६०० रुपयांचा एक, म्हणजे १ लाख ४ हजारांत ४४ नग. मी बीबीए केलंय हो! इन्व्हेंटरी टर्नओव्हरचा प्रश्न दहा मार्कांना होता आणि मला नऊ मिळाले होते. पण चार मिक्सर फुकट म्हटल्यावर ते नऊ मार्क कुठे गेले कोण जाणे. माझ्या दुकानात महिन्याला तो मिक्सर पाच-सहा जायचा. मी मनात म्हटलं, दिवाळीला वीस-पंचवीस जातील. का जातील? माल आलाय म्हणून जातील! यापलीकडे माझ्याकडे कसलाही आधार नव्हता. पन्नास हजार आईच्या भिशीचे घेतले, "जानेवारीत देतो" म्हणून.

दिवाळीपर्यंत अकरा गेले. डिसेंबरमध्ये त्याच कंपनीचं नवं मॉडेल आलं. एक भांडं जास्त, मोटरची वॉरंटी दोनऐवजी पाच वर्षं आणि किंमत फक्त तीनशे रुपये जास्त. स्कीम एवढी सढळ हाताने का वाटत होते, ते तेव्हा उमगलं.

मी काय केलं असेल? लपवलं. नवं मॉडेल मागवलंच नाही आणि जुनं काचेत पुढे मांडून ठेवलं. एक दिवस आमच्याच सोसायटीतल्या एक काकू आल्या. मी भांडी लावून दाखवली, बटणं फिरवून दाखवली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग पर्समधून मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. "हे नवीन आलंय ना? तुझ्याकडे नाही आलं का अजून?" मला काय बोलावं सुचेना. "दोन दिवसांत येईल," म्हणालो. त्या "बरं" म्हणून गेल्या. मिक्सर त्यांनी दुसरीकडून घेतला हे तर झालंच, पण पुढचं वर्षभर त्यांनी माझ्याकडून कुकरची शिट्टीसुद्धा घेतली नाही.

नंतरच्या सहा महिन्यांत रडतखडत पाच गेले. उरलेले अठ्ठावीस खोके माळ्यावर. त्यामुळे लग्नसराईत कुकर आणि डिनर सेट ठेवायला जागा नाही, आणि जागा असती तरी आणायला पैसे नाहीत. आई विचारायची नाही, पण भिशीच्या दिवशी घरात एक वेगळीच शांतता असायची. ती मला अजून आठवते.

शेवटी २०१९ च्या गणपतीत एक पुठ्ठा घेतला आणि मार्करने लिहिलं: "मागच्या वर्षीचं मॉडेल. मिक्सर तोच, वॉरंटी दोन वर्षं, किंमत २,०५०." शेजारी नवं मॉडेल ठेवलं, त्याच्या पूर्ण किमतीला. लोक येऊन दोन्ही बघायचे आणि मी फरक सांगायचो. भाड्याने राहणारी पोरं, मेस चालवणाऱ्या बायका, गावी आईला पाठवायचा म्हणून घेणारे, सगळ्यांनी जुनंच उचललं. नोव्हेंबरपर्यंत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस संपले. हिशेब सांगतो, जीएसटी बाजूला ठेवून: आधीचे १६ नग ३,००० ने म्हणजे ४८,०००. नंतरचे २८ नग २,०५० ने म्हणजे ५७,४००. एकूण १,०५,४००. गुंतवले होते १,०४,०००.

नफा चौदाशे रुपये. चौदा महिन्यांत. महिन्याला शंभर रुपये, आणि त्यात दुकानाचं भाडं, लाईट बिल, पैशाचं व्याज काहीच धरलेलं नाही.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो, तुम्हाला पटो न पटो. मागचं मॉडेल विकण्यात काहीही गैर नाही. त्याला गिऱ्हाईक असतं आणि बऱ्याचदा चांगलं गिऱ्हाईक असतं. पण ते नव्याच्या किमतीत, नव्याच्या थाटात विकता येत नाही. आज तर नाहीच, कारण तुलना करायचं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. १९९५ मध्ये लंडनच्या भावाला फोन लावावा लागत होता, आता काकू काउंटरवर उभ्या उभ्या बघतात.

मर्सिडीजकडे परत येऊ, कारण मला आवडतो तो भाग पुढचा आहे.

२००९ मध्ये त्यांनी चाकणला स्वतःचा कारखाना सुरू केला. ई-क्लासच्या पिढ्या येत राहिल्या: डब्ल्यू २१०, मग २११, मग २१२. आता व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना किती जागा मिळते, ते बरंचसं यावर ठरतं. डब्ल्यू १२४ चा व्हीलबेस होता २,८०० मिलिमीटर. डब्ल्यू २१२ चा २,८७४. म्हणजे तीन पिढ्या पुढे जाऊन वाढला किती? ७४ मिलिमीटर. चार बोटं म्हणा. कारण तिकडे जर्मनीत गाडीचा मालक स्वतः गाडी चालवतो. मागे पोरं नाहीतर कुत्रा.

आपल्याकडे मालक कुठे बसतो? मागे, डाव्या बाजूला. पुढे ड्रायव्हर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कधीही बघा, मागच्या सीटवर माणूस फाईल किंवा फोन घेऊन बसलेला असतो. त्याला स्टिअरिंग किती हलकं आहे याच्याशी काय देणंघेणं? त्याला पाय लांब करायचेत.

२०१७ मध्ये मर्सिडीजने भारतात लांब व्हीलबेसची ई-क्लास आणली. ३,०७९ मिलिमीटर. आधीच्या पिढीपेक्षा २०५ मिलिमीटर जास्त, एका झटक्यात. लांब ई-क्लास चीनमध्ये होती, पण तिथे स्टिअरिंग डाव्या बाजूला. उजव्या स्टिअरिंगची लांब ई-क्लास तेव्हा अख्ख्या जगात फक्त भारतासाठी, आणि बनत होती आपल्या चाकणला. ती जोरात चालली.

बघा हं, बावीस वर्षांत काय बदललं. १९९५ मध्ये प्रश्न होता, "आपल्याकडे असलेली कुठली गाडी भारतात खपवता येईल?" २०१७ मध्ये प्रश्न झाला, "हा माणूस गाडीत कुठे बसतो?" पहिल्या प्रश्नातून उत्पादन कमी करायची वेळ आली. दुसऱ्यातून उत्पादन वाढवायची आली. तुम्ही पापड-मसाला करणार असाल तर तुमच्यासाठीही हाच प्रश्न आहे. काळा मसाला अर्धा किलोच्या पाकिटात कशाला भरताय? हिंजवडीत दोघं जण राहतात, त्यांना तो सहा महिने पुरेल आणि तोवर त्याचा वास उडून जाईल. शंभर ग्रॅमचं पाकीट करा. (हे मी त्या कमेंटवाल्या भाऊंना लिहिलंय. उत्तर आलेलं नाही, रागावले असावेत.)

सध्याची पिढी भारतात आली ऑक्टोबर २०२४ मध्ये. व्हीलबेस ३,०९४, सुरुवातीची किंमत तेव्हा ७८ लाख ५० हजार. आणि आता ती हायब्रिड आहे. या शब्दावर जरा थांबायला हवं, कारण व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त गोंधळ याच्यावरच झाला. एकाने विचारलं, "मग ती घरी चार्जिंगला लावायची का?" नाही. हिला म्हणतात माइल्ड हायब्रिड. ४८ व्होल्टची छोटी यंत्रणा असते, ती इंजिनला सुरू होताना आणि वेग घेताना हात देते, ब्रेक लावताना वाया जाणारी थोडी ऊर्जा साठवते. त्यामुळे गाडी सुरळीत चालते आणि इंधन थोडं वाचतं. पण नुसत्या बॅटरीवर ती तुम्हाला डेक्कनवरून स्वारगेटला नेणार नाही. टोयोटा कॅमरी ही वेगळ्या जातीची, स्ट्राँग हायब्रिड. ती हळू वेगात काही अंतर खरंच मोटरवर चालते, आणि तीही चार्जिंगला लावायची नसते.

दोन्हींवर शब्द एकच, "हायब्रिड". माझ्या दुकानात "इन्व्हर्टर" या शब्दाचं असंच झालंय. दहातल्या आठ जणांना वाटतं, इन्व्हर्टर फ्रिज म्हणजे लाईट गेली तरी चालणारा फ्रिज. मी दर वेळी सांगतो की नाही हो, तो कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे कमी-जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे वीज वाचते, एवढंच. सांगितल्यावर कधी कधी गिऱ्हाईक हातचं जातं. न सांगता विकलं तर पहिल्यांदा लाईट गेल्यावर ते परत येतं, ओरडत.

कॅमरीवरून आठवलं. कॅमरी हायब्रिड २०१३ पासून बंगळुरूजवळ बिडदीला बनते. त्या कंपनीच्या नावात आपलं किर्लोस्कर आहे, टोयोटा किर्लोस्कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हायब्रिडवर २८ टक्के अधिक १५ टक्के सेस, असा ४३ टक्के कर बसला. आधीच्या करापेक्षा बराच जास्त. गाडी तीच, कारखाना तोच, कामगार तेच, पण किंमत एका रात्रीत काही लाखांनी वर. यात कंपनीची काय चूक? काहीच नाही. म्हणून सांगतो, मागणी कमी व्हायला तुमचीच चूक असावी लागते असं नाही. आत्ताचंच बघा. १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली आणि दर लागू झाले २२ सप्टेंबरला. मधले पाच आठवडे गिऱ्हाईक हाताची घडी घालून उभं. मिक्सरवर आधीही १८ टक्के होता आणि नंतरही १८ च राहिला, पण माझ्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "थांबू ना जरा, स्वस्त होणार आहे म्हणे." गाड्यांच्या शोरूमवाल्यांचे त्या काळात काय हाल झाले असतील!

आणि आता मोशीच्या मुलाकडे. त्याच्यासाठी मला २०१९ बद्दल लिहायचंय. तो तेव्हा बारावीत असेल.

माझे मामा भोसरीत टर्नर होते. लहानसं युनिट, अकरा माणसं, मालक स्वतः मशीनवर उभा राहणारा, सज्जन माणूस. काम एकाच व्हेंडरचं. तो व्हेंडर मोठ्या व्हेंडरला पार्ट द्यायचा आणि मोठा व्हेंडर गाडीच्या कंपनीला. २०१७ मध्ये काम इतकं होतं की मालकाने कर्ज काढून दोन मशीन आणखी घेतली. कारण तेच: "तू मशीन टाक, काम देतो."

२०१८ च्या शेवटापासून हवा बदलली. आयएल अँड एफएस बुडाली, फायनान्स कंपन्यांनी हात आखडला, गाडीच्या कर्जाला टाळाटाळ सुरू झाली. विम्याचे तीन वर्षांचे पैसे आधीच भरायचा नियम आला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ येणार म्हणून लोक थांबले. जुलै २०१९ मध्ये देशातल्या प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षाच्या जुलैपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाली, जवळपास १९ वर्षांतली सगळ्यात मोठी घसरण. टाटा मोटर्सने पिंपरीत ब्लॉक क्लोजर घेतले. महिंद्राने एका तिमाहीत ८ ते १४ दिवस उत्पादन बंद ठेवणार असं जाहीर केलं. मर्सिडीजचे आकडे बघायचे तर भारतात २०१८ मध्ये १५,५३८ गाड्या विकल्या, २०१९ मध्ये १३,७८६ आणि कोविडच्या २०२० मध्ये ७,८९३. दोन वर्षांत निम्म्या.

पण मोठी कंपनी आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवते तेव्हा खाली काय होतं, ते पेपरात कमी छापून येतं. भोसरीत गुरुवारची सुट्टी असते, सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षी मामा शुक्रवारीही घरी दिसायला लागले, मग शनिवारीही. आधी ओव्हरटाईम गेला. मग तिसरी शिफ्ट गेली. मग दुसरी. व्हेंडरचं महिन्याचं शेड्यूल यायचं ते आधी अर्धं झालं, मग "पुढच्या आठवड्यात कळवतो" झालं. गाडीच्या कंपनीने तीस टक्के उत्पादन कमी केलं असेल, पण मामांच्या युनिटला काम तीस टक्के कमी झालं नाही. जवळजवळ संपलंच. कारण वरच्या व्हेंडरने स्वतःची मशीन चालू ठेवायला बाहेर दिलेलं काम आधी आत ओढून घेतलं. मीही त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण ज्याने कर्ज काढून मशीन टाकली, त्याने हप्ता कुठून भरायचा?

दोन्ही मशीन विकली त्यांनी. घेतली त्यापेक्षा फारच कमी पैशांत, कारण भोसरीतला प्रत्येक जण तेव्हा मशीन विकायला बसला होता. मामांना पंचावन्नाव्या वर्षी सिक्युरिटीची नोकरी धरावी लागली.

आणि माझे मिक्सर माळ्यावर का पडून राहिले, याचं उरलेलं अर्धं उत्तर इथे आहे. नवं मॉडेल आलं हे खरं, पण माझं निम्मं गिऱ्हाईक पिंपरी-भोसरीच्या कंपन्यांतलं. ज्या घरात ओव्हरटाईमचे सहा-सात हजार यायचे बंद झाले, त्या घरात जुन्या मिक्सरचं भांडं गळत असलं तरी ते वॉशर बदलून वापरलं जातं. मला वाटायचं, मी गाड्यांच्या धंद्यात नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये दुकान असलेला प्रत्येक जण गाड्यांच्या धंद्यात आहे हो, चहावाल्यापासून क्लासवाल्यापर्यंत.

आता एक गोष्ट, जिच्यावर माझं आणि माझ्याच काही मित्रांचं जमत नाही. त्यांच्या मते ऑर्डर कमी करणं म्हणजे हार. बाजारात नाव खराब होतं, डिस्ट्रिब्युटर मागे लागतो, शेजारचा दुकानदार हसतो. मी म्हणतो, मोठ्या कंपन्या उत्पादन कमी करतात तेव्हा त्यांना लाज वाटत नाही, मग आपल्याला का वाटावी? पिंपरीत मर्सिडीजने उत्पादन आवरलं म्हणून कंपनी बुडाली नाही. आवरलं म्हणूनच टिकली असं मी म्हणेन. २०२४ मध्ये त्यांनी भारतात १९,५६५ गाड्या विकल्या. माझ्या डिस्ट्रिब्युटरला मी आता सरळ सांगतो, "भाऊ, चाळीसवर चार नको, मला दहाच द्या, फुकटही नको." तो तोंड वाकडं करतो, चहा पिऊन जातो, पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.

फरक एवढाच आहे की मोठ्या कंपनीने उत्पादन कमी केलं तर तिच्याकडे वर्षभर तग धरायला पैसा असतो, आणि कामगार कमी करण्याची झळ ती खाली ढकलू शकते. मोशीच्या मुलाच्या खाली कोणी नाही. त्याच्या खाली वडिलांची अर्धा एकर आहे.

म्हणून परवा त्याला फोन केला. पाऊण तास बोललो. मशीन टाकू नको असं मी त्याला सांगितलेलं नाही, ते सांगायचा मला अधिकार नाही आणि त्याच्या हातात कला आहे, ती नोकरीत कुजावी असंही मला वाटत नाही. मी त्याला व्हेंडरला विचारायला काही गोष्टी दिल्या. मागच्या तीन वर्षांची महिनावार शेड्यूल दाखवाल का? हा पार्ट कुठल्या मॉडेलला लागतो आणि ते मॉडेल बाजारात येऊन किती वर्षं झाली? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण मॉडेलची पुढची पिढी आली की पार्टचं ड्रॉइंग बदलतं, आणि इलेक्ट्रिक आलं तर इंजिनचा पार्ट लागतच नाही. कमीत कमी किती तासांचं काम देणार हे पीओवर लिहून द्याल का? पैसे ४५ दिवसांत देणार ना? (त्याला आधी उद्यम नोंदणी करायला सांगितली आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदत संपूनही वर्षअखेरपर्यंत दिले नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी आयकरात तो खर्च धरता येत नाही, हा नियम आता आहे आणि तो बोलताना सहज उल्लेख करण्यासारखा आहे.)

शिवाय एक काम स्वतःसाठी: गाड्यांशी संबंध नसलेलं एक तरी गिऱ्हाईक शोध. पंप, व्हॉल्व्ह, अन्नप्रक्रियेची यंत्रं, काहीही. पुण्याच्या आसपास हे सगळं बनतं. महिन्यातले चार दिवस मशीन त्यांच्या कामावर चालली तरी पुरे, ओळख तर राहील. आणि नवी मशीन घेण्याआधी चार-सहा महिने कोणाच्या तरी मशीनवर रात्रीची शिफ्ट भाड्याने मिळते का ते बघ. पैसे कमी सुटतील, पण व्हेंडरचा "तीन शिफ्ट" हा शब्द किती खरा आहे ते जमीन न विकता कळेल.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, एवढं विचारलं आणि त्याने काम दुसऱ्याला दिलं तर?"

देऊ शकतो. मी त्याला खोटं सांगितलं नाही. मी एवढंच म्हणालो की शेड्यूल दाखवायला जो नाही म्हणतो, त्याच्याकडेही बहुतेक शेड्यूल नाही. स्कीमवाल्या माणसाला मी २०१८ मध्ये एक प्रश्न विचारला असता, "नवीन मॉडेल कधी येतंय?" तर त्याने उत्तर दिलं नसतं, पण त्याचा चेहरा मला दिसला असता.

येत्या गुरुवारी भोसरी बंद असते तेव्हा तो व्हेंडरला भेटणार आहे. त्याची परवानगी असेल तर काय झालं ते पुढच्या व्हिडिओत सांगतो. तोवर तुमच्यापैकी जे जॉबवर्क करतात, त्यांनी खाली लिहा: तुमचं काम किती गिऱ्हाइकांवर चालतं आणि २०१९ मध्ये तुमच्याकडे किती शिफ्ट चालू होत्या?